अँकी : काम झालं की ‘आता पुरे’ म्हणणारं अ‍ॅप

आधी माझ्याबद्दल थोडं सांगते म्हणजे हा रिव्ह्यू कुठल्या गरजेतून आलाय ते कळेल. मी स्टाफ नर्स आहे, पुण्यात एका हॉस्पिटलच्या आयसीयूत, ड्यूटी रोटेशनने, म्हणजे आठवडाभर मॉर्निंग मग इव्हिनिंग मग नाईट, आणि गेली दोन वर्षं जर्मन शिकतेय कारण तिकडे नर्स म्हणून जायचंय. बी वन झालंय, बी टू चालू आहे, या भाषेच्या ए वनपासून वर चढत जाणाऱ्या पातळ्या. ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ए वनला साधारण ६५० शब्द लागतात, बी वनची गोएथे इन्स्टिट्यूटची, म्हणजे जर्मनच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेची, यादी साधारण २४०० शब्दांची आहे, आणि नर्सिंगचे शब्द त्याच्या वर वेगळेच. क्लासमध्ये व्याकरण होतं, बोलणं होतं, पण शब्द पाठ करणं हे ज्याचं त्यालाच करायचं असतं, आणि बारा तासांची नाईट करून आलेल्या डोक्यात शब्द बसवणं काय असतं ते करणाऱ्यालाच माहीत.

अँकीच्या आधी मी दुसरं एक अ‍ॅप वापरायचे, नाव घेत नाही. रंगीबेरंगी, फुकट, आवाज वगैरे मस्त. सुरुवातीला खूप आवडलं होतं आणि पहिले दोन-तीन महिने मी त्यातून खरंच शिकले, हे मान्य करायलाच हवं. पण त्यात रोजची साखळी असायची, एक दिवस चुकला की परत शून्यापासून. माझी साखळी १४३ दिवसांची झाली होती. त्या दिवशी नाईट होती, अकराच्या सुमारास एका आजोबांचं बीपी एकदम पडलं, मग डॉक्टरांना कॉल, ड्रिप वाढवा, नवीन इन्फ्युजन लावा, तोपर्यंत शेजारच्या बेडचा मॉनिटर ओरडायला लागला, सगळं निस्तरून खुर्चीत टेकले तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. आजोबा स्टेबल झाले होते. पाण्याची बाटली उघडली, फोन बघितला तर साखळी तुटल्याचा मेसेज, आणि मला रडूच आलं. माणूस वाचला याचं बरं वाटायच्या आधी मला ते १४३ गेले याचं वाईट वाटलं.

सकाळी घरी जाताना बसमध्ये मी याचाच विचार करत होते. मागच्या दोन महिन्यांत मी त्या अ‍ॅपवर नेमकं काय करत होते तर रात्री पावणेबाराला फोन काढायचा, सगळ्यात सोपा धडा उघडायचा, जो मला झोपेतही येतो, दोन मिनिटांत उरकायचा आणि साखळी वाचली म्हणून सुटकेचा श्वास टाकायचा. शिकणं कधीच थांबलं होतं, मी फक्त आकडा सांभाळत होते. आणि तो आकडा माझ्यापेक्षा त्या कंपनीच्या जास्त कामाचा होता, कारण मी रोज अ‍ॅप उघडते हे त्यांना दिसत होतं, मला मात्र क्लासमध्ये बाईंनी विचारलं तर शब्द आठवत नव्हते.

माझी रूममेट केरळची, ती पण नर्स, ती अँकी वापरायची. मी आधी तिच्या फोनमध्ये बघून नाक मुरडलं होतं कारण दिसायला ते अगदीच साधं आहे, पांढरी स्क्रीन त्यावर एक शब्द, खाली चार बटणं, संपलं. तिनेच त्या दिवशी माझ्या फोनवर टाकून दिलं. आज सव्वा वर्ष झालं.

अँकी म्हणजे चिठ्ठ्या, बाकी काही नाही. चिठ्ठीच्या पुढच्या बाजूला प्रश्न, मागे उत्तर. पुढे ‘मलमपट्टीची पट्टी’ असं मराठीत लिहिलंय, मी मनात उत्तर देते, मग स्क्रीनवर टॅप केलं की मागची बाजू दिसते, डेर फेरबांट. आणि मग चार बटणं येतात, परत, अवघड, बरं, सोपं. आपणच सांगायचं किती आठवलं. त्यावरून ती चिठ्ठी पुन्हा कधी समोर आणायची ते अ‍ॅप ठरवतं, नाही आलं तर लगेच, आलं तर चार दिवसांनी, परत आलं तर दोन आठवड्यांनी, मग दीड महिन्याने, असं लांबत जातं. लहानपणी संध्याकाळी दिवा लावल्यावर आजी परवचा म्हणायला बसवायची ना, पाढे, पावकी, निमकी, ती उजळणीच आहे ही, फरक इतकाच की आजी सगळ्यांना सगळे पाढे रोज म्हणायला लावायची आणि हे फक्त जे विसरायच्या बेतात आहे तेवढंच पुढे आणतं.

विसरण्याचं हे गणित नवीन नाही. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःवरच प्रयोग करून, निरर्थक अक्षरं पाठ करून आणि किती वेळाने किती विसरतोय ते मोजून १८८५ मध्ये ते छापलं होतं. अँकी डेमियन एल्म्स नावाच्या प्रोग्रामरने २००६ मध्ये आणलं, नाव जपानी आहे, अर्थच पाठांतर. आधी त्यातलं गणित पिओत्र वोझ्नियाक यांच्या १९८७ च्या सुपरमेमो या पाठांतराच्या प्रोग्राममधल्या पद्धतीवर बेतलेलं होतं, २०२३ च्या शेवटी शेवटी त्यात एफएसआरएस नावाची नवीन पद्धत आली, जी तुमच्या स्वतःच्या उत्तरांचा इतिहास बघून तुमच्यापुरतं वेळापत्रक बसवते. सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करून घ्या, फायदा आहे.

त्या सेटिंगमध्ये एक आकडा आहे तो मला फार महत्त्वाचा वाटतो, किती टक्के लक्षात राहायला हवं ते तुम्ही सांगायचं. तो मुळात ९० टक्क्यांवर असतो. म्हणजे दहा चिठ्ठ्यांतली एक तुम्ही विसरणार हे धरूनच सगळं बेतलेलं आहे. विसरणं ही त्यात चूक नाही, हिशोबात घेतलेली गोष्ट आहे. तुम्ही ९७ केलंत तर रोजच्या चिठ्ठ्या इतक्या वाढतात की जीव नकोसा होईल. मला हे कळलं तेव्हा खूप हलकं वाटलं होतं, कारण नर्सिंग कॉलेजपासून आमच्या डोक्यात एकच भरवलेलं असतं की चूक म्हणजे चूक, औषधाच्या डोसमध्ये ते बरोबरच आहे, तिथे दहात एक चालत नाही, पण शिकताना तो नियम लावला की माणूस शिकायलाच घाबरतो. ‘परत’ हे बटण मी आता अगदी शांतपणे दाबते. काही वाजत नाही, लाल होत नाही, कुणाचा चेहरा पडत नाही, चिठ्ठी फक्त मागे जाऊन थोड्या वेळाने परत येते.

आणि आता ज्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहायला घेतला ती गोष्ट. आजच्या चिठ्ठ्या संपल्या की अँकी सांगतं, अभिनंदन, हा डेक (म्हणजे चिठ्ठ्यांचा गठ्ठा) सध्यापुरता संपला. बस. पुढे काही नाही. ‘अजून एक धडा करा’ नाही, ‘तुमची मैत्रीण तुमच्या पुढे गेली’ नाही, जाहिरात नाही. तुम्हाला जास्त करायचंच असेल तर सोय आहे, पण ती तुम्ही शोधून वापरायची, ते तुमच्या मागे लागत नाही. पहिल्या दिवशी ती स्क्रीन आली तेव्हा मी खरंच दोन-तीन वेळा खाली ओढून बघितलं की अजून काहीतरी असेल, इतकी सवय झालेली असते. ज्या २००६ साली अँकी आलं त्याच साली अझा रास्किन या डिझायनरने ते कधीच न संपणारं स्क्रोल बनवलं, जे आज कितीतरी अ‍ॅपमध्ये आहे, आणि नंतर त्याबद्दल त्यांनी स्वतःच जाहीरपणे खेद व्यक्त केला. एकाच वर्षातल्या या दोन गोष्टी, एक संपते आणि एक संपत नाही, आणि माझा अनुभव असा आहे की जे संपतं त्याच्याकडे माणूस दुसऱ्या दिवशी आपणहून परत येतो.

दुसरी गोष्ट छोटी वाटेल पण शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी नीट वाचा. अँकीचा दिवस रात्री बाराला बदलत नाही, पहाटे चारला बदलतो, आणि ती वेळसुद्धा तुम्हाला हवी ती ठेवता येते. मी ती सकाळी नऊवर ठेवलीय, म्हणजे नाईट संपवून, हँडओव्हर देऊन, बसमध्ये बसून चिठ्ठ्या केल्या तरी त्या कालच्या दिवसात धरल्या जातात. ज्या कुणी हे ठरवलं त्याच्या डोळ्यासमोर रात्री जागणारी माणसं होती, विद्यार्थी असतील, कामगार असतील, एवढं मला त्यातून कळतं. बारा वाजता दिवस संपतो हे फक्त घड्याळाला माहीत असतं, नाईटवाल्या माणसाचा दिवस तेव्हा अर्ध्यावर असतो.

आमच्या कामातली एक गोष्ट सांगते कारण ती इथे लागू पडते. आयसीयूत दिवसभर काहीतरी वाजत असतं, मॉनिटर, व्हेंटिलेटर, इन्फ्युजन पंप. नवीन मुलगी आली की पहिल्या आठवड्यात प्रत्येक आवाजाला दचकून धावते आणि महिन्याभरात तिला ते ऐकूच येईनासं होतं. याला अलार्म फटीग म्हणतात. अमेरिकेतल्या जॉइंट कमिशनने, म्हणजे हॉस्पिटलांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेने, २०१३ मध्ये यावर हॉस्पिटलांना खास इशारा दिला होता, त्यात म्हटलं होतं की वाजणाऱ्या अलार्मपैकी ८५ ते ९९ टक्के असे असतात की ज्यावर काही करायची गरजच नसते, आणि मग खरा अलार्म त्या गोंधळात हरवतो. म्हणून आम्हाला शिकवलं जातं की लिमिट पेशंटप्रमाणे सेट करा, चिकट इलेक्ट्रोड रोज बदला, म्हणजे उगाच वाजणार नाही, जे वाजेल ते खरं असेल. आता मला सांगा, जिथे जिवाचा प्रश्न आहे तिथे आम्ही आवाज कमी करायला धडपडतोय आणि खिशातल्या फोनमधलं एक शब्द शिकवणारं अ‍ॅप दिवसातून चार वेळा वाजतं, तेही पेशंटला बरं वाटावं म्हणून नाही, मी ते उघडावं म्हणून. अँकीच्या फोनवरच्या अ‍ॅपमध्ये आठवण करून द्यायची सोय आहे, मी बंद ठेवलीय, आणि बंद केल्यापासून त्याने एकदाही विचारलं नाही की परत चालू करू का. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे ग्राहकाला फसवून त्यांना हवं ते करायला लावणाऱ्या रचनांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली, १३ प्रकार दिलेत त्यात, आणि परत परत टोचत राहणं म्हणजे नॅगिंग हा त्यातलाच एक. नाही म्हणणाऱ्याला लाजवणं हा पण एक आहे. वाचून बघा, तुमच्या फोनमधली निम्मी अ‍ॅप डोळ्यासमोर येतील.

साखळीबद्दल मी नंतर थोडं वाचलं कारण मला कळत नव्हतं की जी गोष्ट मी हौसेने सुरू केली तिचा मला कंटाळा कसा आला. एडवर्ड डेसी नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये एक प्रयोग छापला होता, कॉलेजच्या मुलांना सोमा नावाचं ठोकळ्यांचं कोडं सोडवायला दिलं, एका गटाला मध्ये काही वेळ दर कोड्यामागे एक डॉलर दिला, मग तो बंद केला. ज्यांना पैसे मिळाले होते त्यांची मोकळ्या वेळेत ते कोडं हातात घ्यायची ओढ कमी झाली. म्हणजे बक्षीस आलं आणि गंमत घेऊन गेलं. पुढे डेसी आणि रिचर्ड रायन यांनी यावर सगळी थिअरी उभी केली की माणसाला आतून हुरूप यायला तीन गोष्टी लागतात, आपल्या मर्जीने करतोय असं वाटणं, जमतंय असं वाटणं, आणि सोबत आपली माणसं असणं. २०१८ मध्ये डोरियन पीटर्स, राफाएल काल्व्हो आणि याच रायन यांनी मिळून अ‍ॅप आणि गॅजेट बनवणाऱ्यांसाठी हे लावून दाखवलं, आणि त्यातला एक मुद्दा मला एकदम पटला की अ‍ॅप वापरताना छान वाटणं वेगळं आणि त्या अ‍ॅपने तुमच्या आयुष्यात काय केलं ते वेगळं, दोन्ही वेगवेगळं तपासायला लागतं. माझं आधीचं अ‍ॅप वापरताना छानच वाटायचं. गडबड अ‍ॅपच्या बाहेर होती, साडेबारा वाजता, नर्सिंग स्टेशनवर.

अँकीला या तीन गोष्टी लावल्या तर मर्जीच्या बाबतीत पैकीच्या पैकी. चिठ्ठी मी बनवते, शब्द मी निवडते, किती आठवलं ते मी सांगते, कुणी तपासत नाही. सुरुवातीला वाटलं की मग माणूस स्वतःला फसवेल की, पण फसवून मिळणार काय, पॉइंट नाहीत, लीडरबोर्ड नाही. फसवायचं कारणच काढून घेतलंय. साखळी दाखवणारं एक वेगळं अ‍ॅड-ऑन लोकांनी कॉम्प्युटरच्या अँकीसाठी बनवलंय, ज्यांना आवडते त्यांनी लावावी, माझ्या एका मैत्रिणीला त्यानेच हुरूप येतो आणि तिचं बरोबर आहे. पण ती तिने निवडली, तिच्या गळ्यात कुणी बांधली नाही.

जमतंय असं वाटणं म्हणाल तर ते थोडं उशिरा येतं पण आलं की पक्कं. माझा डेक मी लिंगावरून रंगवलाय, डेर म्हणजे तो, त्याला निळा, दी म्हणजे ती, तिला लाल, दास म्हणजे ते, त्याला हिरवा. मराठी माणसाला तो, ती, ते हे तीन प्रकार जन्मापासून माहीत आहेत, इंग्रजीतून जर्मन शिकणाऱ्याला जे समजावून सांगायला लागतं ते आपल्याला सांगायला लागत नाही, पण आपल्याला त्रास दुसरा होतो, आपलं लिंग मध्ये येतं. रक्त ते, दास ब्लूट, जुळलं. हृदय ते, दास हेर्त्स, जुळलं. गोळी ती, दी टाब्लेटे, वा. की लगेच ताप तो आणि दास फीबर ते, हात तो आणि दी हांट ती, नाक ते आणि दी नाझे ती. मी जुळणाऱ्या चिठ्ठ्यांच्या मागे एक छोटी टिकली काढलीय, अशा चिठ्ठ्या सोप्या जातात, त्या पटापट लांब ढकलल्या जातात आणि माझा वेळ सगळा न जुळणाऱ्यांवर जातो. हे मी वहीत करायला गेले असते तर सगळं सारखंच घोकत बसले असते. मागच्या महिन्यात क्लासमध्ये रोल प्ले होता, पेशंटला सांगायचं होतं की मी आता तुमचं ब्लड प्रेशर बघते, आणि ब्लूटड्रुक हा शब्द योग्य लिंगासकट, योग्य विभक्तीत तोंडातून आपोआप आला, थांबून आठवायला लागला नाही. बाई म्हणाल्या गुट, म्हणजे छान. तेवढ्यावर मी पूर्ण आठवडा खूश होते.

एक शब्द मात्र काही केल्या बसत नव्हता, काळजी घेण्यासंबंधीचाच होता, लांबलचक. अँकीत कुठलीही चिठ्ठी ठरावीक वेळा, मुळात आठ वेळा, विसरलात की त्यावर लीच असा शिक्का बसतो, म्हणजे जळू, रक्त शोषणारी. आणि हवं तर ती चिठ्ठी आपोआप बाजूला ठेवता येते. म्हणजे अ‍ॅप म्हणतं की हिच्यावर तुमचा फार वेळ चाललाय, घोकून होणार नाही, चिठ्ठीच बदला. मी तो शब्द तोडून तीन तुकडे केले, प्रत्येकाची वेगळी चिठ्ठी केली, वरती आमच्या वॉर्डातल्या बेडचा फोटो लावला, बसला. शिकवताना चांगले मास्तर असंच करतात ना, पोराला जमत नाही तर पोराला दोष देण्याआधी सांगायची रीत बदलतात.

तिसरी गोष्ट, आपली माणसं, त्यात अँकी कोरडं आहे. तिथे कुणीच नाही, तुम्ही आणि चिठ्ठ्या. आम्ही ती उणीव आमच्या पद्धतीने भरून काढली, मी, रूममेट आणि वॉर्डातल्या एक सीनियर ताई, ज्या चाळिशीत ए वनला बसल्या. तिघींनी मिळून नर्सिंगचा डेक केलाय, फाईल पाठवली की दुसरीच्या फोनमध्ये उतरते. ताईंना इंग्रजीतून अवघड जायचं म्हणून सगळ्या चिठ्ठ्यांची मराठी बाजू मी लिहिली, मल्याळम रूममेटने. टी टाइमला ताई विचारतात, ‘काय गं, आज किती होत्या?’ मी म्हणते ‘साठ’, त्या म्हणतात ‘माझ्या बावीसच, पण सगळ्या आल्या’. ताईंशी हे बोलणं झालं नसतं तर एकट्या अँकीवर मी टिकले असते की नाही, खात्रीने सांगता येणार नाही.

आता जे खटकतं ते. दिसणं मी वर सांगितलंच, आणि सेटिंगची भाषा जड आहे, पहिल्या दिवशी कुणीतरी शेजारी बसून दाखवणारं हवं, नाहीतर चांगली-चांगली माणसं दोन दिवसांत सोडून देतात. पण माझा मोठा आक्षेप रोजच्या नवीन चिठ्ठ्यांवर आहे. मुळात २० नवीन चिठ्ठ्या लावून येतात. ऐकायला कमी वाटतात, पण रोज २० नवीन घेतल्या की काही आठवड्यांत उजळणीच्या दिवसाला सुमारे २०० होतात, हे अँकीच्या स्वतःच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय. फुल टाइम अभ्यास करणाऱ्याला ठीक असेल, नोकरी, घर, पोरं बघणाऱ्याला हे झेपत नाही, आणि बहुतेक लोक जे आलंय तेच ठेवतात, सेटिंग कोण बदलतं. म्हणून माझं म्हणणं असं की सुरुवातीलाच विचारायला हवं होतं, तुमच्याकडे दिवसाला किती मिनिटं आहेत, आणि त्यावरून आकडा काढायला हवा होता. आमच्या भाषेत सांगायचं तर डोस पेशंटचं वजन बघून लिहायचा असतो. मी ७ वर ठेवलंय, नाईटच्या आठवड्यात शून्य, फक्त उजळणी.

आणि सुट्टी घेतली की ढीग साठतो हे पण आहे. गावी जाऊन चार-पाच दिवसांनी परत आलात की हिरव्या रंगात मोठा आकडा दिसतो आणि पोटात गोळा येतो. कुणी ओरडत नाही हे खरं पण तो आकडाच पुरेसा असतो. यावर उपाय असा की दिवसाला जास्तीत जास्त किती दाखवायच्या त्याची मर्यादा तात्पुरती कमी करा, ७०-८० ठेवा, हळूहळू ढीग उतरतो. घाबरून डेक डिलीट करू नका, तुमच्याकडून काही सुटलेलं नसतं, मधल्या काळात जे विसरलं असेल ते ‘परत’ दाबलं की लाइनीत येतं.

आणखी एक, अँकीने बोलता येत नाही. शब्द येतात, बोलणं बोलूनच येतं. अँकी करतोय म्हणून क्लास सोडणारे मी बघितलेत, तसं करू नका.

पैशांचं. कॉम्प्युटरवर फुकट, अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड नावाने फुकट, तो स्वयंसेवकांचा वेगळा प्रोजेक्ट आहे, सोर्स कोडसकट सगळं उघडं. आयफोनवर अँकीमोबाइल हे पैसे देऊन घ्यायचं, २४.९९ डॉलर, एकदाच, आणि त्याच पैशांवर कॉम्प्युटरवरचं अँकी फुकट चालत आलंय. ऐकायला महाग वाटतं पण मला हा व्यवहार सरळ वाटतो, माझ्या वेळेवर डोळा ठेवून फुकट देण्यापेक्षा सरळ किंमत सांगितलेली बरी. स्टोअरमध्ये मिळत्याजुळत्या नावाची दुसरी अ‍ॅप भरपूर आहेत, काही दर आठवड्याला पैसे कापणारी, तेव्हा घाईत टाकू नका, अँकीच्या वेबसाइटवर जाऊन तिथल्या लिंकवरूनच घ्या. आणि तिन्हीकडे एकच अकाउंट सिंक होतं, मी घरी लॅपटॉपवर चिठ्ठ्या बनवते, बसमध्ये फोनवर करते.

आयते डेक खूप मिळतात, जर्मनचे पण भरपूर आहेत. मी सुरुवातीला चार हजार शब्दांचा उतरवला होता आणि दोन आठवड्यांत काढून टाकला. दुसऱ्याने केलेली चिठ्ठी ही दुसऱ्याच्या आठवणीवर बेतलेली असते. स्वतः एक चिठ्ठी करायला मिनिट जातं, पण त्या मिनिटातच अर्धा शब्द बसतो. सिरिंजच्या चिठ्ठीवर, दी श्प्रिट्झे, मी माझ्या पहिल्या पोस्टिंगला हात थरथरला होता ते एका ओळीत लिहून ठेवलंय. तो शब्द परवा आला, मी ‘सोपं’ दाबलं, बटणावर लिहिलेलं होतं पाच महिने. पाच महिन्यांनी बी टूची परीक्षा झालेली असेल. आजच्या ४८ होत्या, त्या बसमध्येच संपल्या.